मालिका सोडताना कुठल्या गाठी सोडवायच्या?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड बंदरावर घडणारी एक मराठी सुपरहिरो कॉमिक मालिका एक तरुण लेखक पहिल्या अंकापासून लिहीत आला आहे. नायक ट्रॉलरवरचा खलाशी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच्या अंगात अचाट बळ येतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या दुबळ्या भरतीत तो तुमच्याआमच्याइतकाच. लेखक आता नोकरीसाठी मालिका सोडतोय. प्रकाशक ती बंद करणार नाहीत, दुसरा लेखक येणार आहे. हातात चार अंक आहेत, शेवटचा गणपतीच्या आधी निघेल. आणि नऊ सूत्रं अर्धवट आहेत: फयान वादळात बेपत्ता झालेला बाप, आईने धरलेला अबोला, ट्रॉलर जाळणारा मुखवटेवाला, खाडी बळकावू पाहणारी कंपनी, दीपस्तंभाचा चुकीच्या ठेक्यात लुकलुकणारा दिवा, शक्तीचं मूळ, नायकाचं गुपित कळलेली बहीण, मुंबईला निघून गेलेली मैत्रीण आणि गोव्याच्या हद्दीत एकदाच दिसलेली दुसरी शक्तिमान बाई. ‘हे सगळं चार अंकांत कसं मिटवू?’

सगळं मिटवायला जाऊ नका.

आधी पानं मोजा. 22 पानांचा अंक धरला तर चार अंकांची 88 पानं. प्रत्येक अंकाचं पहिलं पान मागच्या कथेत आणि नावांत जातं, उरली 84. नऊ सूत्रांत वाटली तर प्रत्येकाला नऊ पानं आणि वर थोडी. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण वाटणी अशी सारखी होतच नाही. कंपनीच्या प्रकरणाला तीसेक पानं सहज लागतील आणि मैत्रिणीला अर्धं पुरेल. हे न पाहता नऊच्या नऊ सूत्रं आणायची ठरवलीत तर शेवटचा अंक हजेरीपट होईल. एकेक पात्र येणार, आपला खुलासा देणार आणि निघून जाणार. वाचक तो वाचतो, पण मनात काही राहत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. नेमाने काम करणारा चित्रकार दिवसाला एक पान पुरं करतो, म्हणजे एका अंकाला महिना. तुमच्याकडे चार अंक असले तरी पहिल्याची संहिता एव्हाना चित्रकाराकडे पोचलेली असणार किंवा पोचायला हवी. तुम्ही तिसरा लिहीत असाल तेव्हा नव्या माणसाने त्याचा पहिला लिहायला घेतलेला असेल. त्यामुळे त्याच्याशी बोलणं आजच व्हायला हवं. शेवटच्या अंकानंतरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, चार म्हणजे चारच मिळतील असं धरून चालू नका. अमेरिकेत टॉम किंगने बॅटमॅनची मालिका शंभरापुढे न्यायची म्हणून आखली होती. 2019 च्या डिसेंबरात 85 व्या अंकाशी त्याचा मुक्काम संपला आणि उरलेली गोष्ट त्याला बॅटमॅन/कॅटवुमन या वेगळ्या बारा अंकी मालिकेत सांगावी लागली. त्याला निदान ती सोय मिळाली. स्टीव्ह गर्बर आणि मेरी स्क्रेन्स यांची ओमेगा द अननोन 1977 मध्ये दहाव्या अंकाला बंद पडली. तिचा शेवट दोन वर्षांनी दुसऱ्याच लेखकाने, डिफेंडर्स या दुसऱ्याच मालिकेत उरकला. तो मूळ वाचकांना कधी पटला नाही. म्हणून तुमचा तिसरा अंक असा बांधा की कागद महागला आणि चौथा निघालाच नाही, तरी वाचक फसवला जाऊ नये.

आता निवड. कुठली सूत्रं मिटवायलाच हवीत, हे कसं ओळखायचं? मी एक साधी चाचणी लावतो. जुने अंक काढा आणि फक्त शेवटची पानं वाचत जा. ‘क्रमशः’च्या वर तुम्ही जो प्रश्न ठेवलात, ते तुमचं देणं. वाचकाने त्या प्रश्नाच्या भरवशावर पुढचा अंक विकत घेतलेला असतो. तुमच्या पत्रावरून दिसतं की मुखवटेवाला, बेपत्ता बाप आणि कंपनी ही तिन्ही शेवटच्या पानांवर येऊन गेली आहेत. ती तुम्हीच फेडायची. शक्तीचं मूळ मात्र तुम्ही कधीच शेवटच्या पानावर आणलेलं नाही. तो प्रश्न वाचक पत्रांतून विचारतात, तुम्ही विचारलेला नाही. आणि तो तुमचा नाहीच, मालिकेचा आहे. निघता निघता तुम्ही त्याचं उत्तर देऊन टाकलंत तर पुढच्या दहा लेखकांच्या अंगणात भिंत घातलीत असं होईल. तुम्हाला उत्तर माहीत असेल तरी देऊ नका. माहीत नसेल तर प्रश्नच मिटला.

आपल्याकडे या गोष्टीची सवय नाही, याला एक कारण आहे. मराठी घरांत चित्रकथा पोचल्या त्या मुख्यतः इंद्रजालमधून. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये ती मालिका काढली, 1990 मध्ये ती बंद झाली. तिच्यातला वेताळ, म्हणजे फँटम, अमेरिकी लेखक ली फॉकचा. फॉक तो 1936 पासून 1999 मध्ये मरेपर्यंत लिहीत होता. लेखक बदलतो, जाणारा काही सोडून जातो आणि येणाऱ्याला ते उचलावं लागतं, हे आपण वाचक म्हणून पाहिलंच नाही. वेताळाची गोष्ट त्या अंकात सुरू व्हायची आणि बहुधा त्याच अंकात संपायची. (माझ्या मते फॉकची खरी हुशारी इथेच होती. वेताळाचा मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, आणि एकविसावा वेताळ म्हटलं की मागचे वीस आपोआप खरे वाटतात, कोणी लिहिलेले नसले तरी.) मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी प्रकाशकांची रीत वेगळी. तिथे नायक प्रकाशकाचा असतो, लेखक येतात-जातात, आणि सोडून जाण्याच्या चांगल्या-वाईट तऱ्हा तिथे पोत्याने सापडतात. म्हणून दाखले तिकडचे देतोय.

ख्रिस क्लेअरमाँटने एक्स-मेन 1975 पासून 1991 पर्यंत लिहिली. सूत्रं पेरून ठेवायची आणि पुष्कळ वर्षांनी उगवू द्यायची, ही त्याची पद्धत. एकच माणूस सोळा वर्षं लिहितो तोवर ही पद्धत चालते. 1991 मध्ये नव्या एक्स-मेन मालिकेचा पहिला अंक निघाला, त्याच्या 80 लाखांवर प्रती दुकानांत गेल्या, आणि तिसऱ्या अंकानंतर संपादकांशी न पटल्याने क्लेअरमाँट बाहेर पडला. पेरलेलं शेतातच राहिलं. 2009 मध्ये त्याला एक्स-मेन फॉरएव्हर नावाची वेगळी मालिका मिळाली. ती त्या तिसऱ्या अंकाच्या लगेच पुढे सुरू होते, पण मुख्य कथेला ती बांधील नाही. अठरा वर्षांनी आपलंच अर्धं वाक्य पुरं करायचं, तेही बाजूच्या वहीत! तुमच्या हातात निदान चार अंक आहेत, हे भाग्यच समजा.

उलट टोकाची चूक म्हणजे एवढा मोठा शेवट करायचा की प्रकाशकाला तो पुसावाच लागेल. ग्रँट मॉरिसनने 2001 ते 2004 या काळात न्यू एक्स-मेन लिहिली. शांत, मुखवटा घातलेला झॉर्न हा खरं तर एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो, असं त्याने उघड केलं आणि 150 व्या अंकात वुल्व्हरिनकरवी त्याचं मुंडकं उडवलं. चार अंकांनी मॉरिसन गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या एक्सकॅलिबर या मालिकेत मॅग्नेटो जिवंत होता, आणि मेलेला तो तोतया ठरला. मॉरिसनची गोष्ट म्हणून ती उत्तमच आहे, पण मालिकेच्या इतिहासात तिचा कणा काढून घेतला गेला. म्हणून ज्याच्याशिवाय मालिका चालत नाही अशा पात्राला जाता जाता मारू नका. बहिणीला मारायचा मोह होईल, कारण त्याने शेवट ‘वजनदार’ होतो असं वाटतं. तो नवा लेखक दुसऱ्याच अंकात तिला परत आणेल आणि मग तुमचं वजनही जाईल.

आता तुमच्या सूत्रांकडे येतो. सगळ्यात श्रीमंत सामान तुमच्या हातात आधीपासून आहे आणि तुम्ही ते वापरताना दिसत नाही: भरती-ओहोटीचं कोष्टक. नायकाचं बळ समुद्रावर चालतं आणि समुद्राचं वेळापत्रक आगाऊ छापून मिळतं. शेवटचा अंक गणपतीच्या आधी निघणार म्हणजे कथा श्रावणात ठेवता येते. नारळी पौर्णिमा म्हणजे उधाण. एक जूनला लागलेली मासेमारीबंदी 31 जुलैला संपलेली असते, पण पुष्कळ होड्या नारळ सोडल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. बंदर गच्च, माणसं कोऱ्या कपड्यांत, आणि नायक ऐन बळात. कंपनीशी दांडगी मारामारी काय करायची ती तिसऱ्या अंकात, या दिवशी करा. बार्ज उलटू द्या, जेट्टी मोडू द्या, चित्रकाराला दोन पानी चित्र द्या. तो खूश होईल.

पण कंपनी त्याने हरत नाही. बार्ज बुडाला तर दुसरा येतो. पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी कृष्णाष्टमी, म्हणजे भांग. पाणी ना धड चढत, ना धड उतरत. नायक साधा माणूस. जनसुनावणी त्याच दिवशी ठेवा. किनाऱ्यावर मोठा प्रकल्प आणायचा तर पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी घ्यावी लागते, हे आपल्याकडे गावागावांत ठाऊक आहे. मांडव, ध्वनिक्षेपक, पुढच्या खुर्च्यांवर साहेब, मागे बायका, आणि बोलायची पाळी आलेला, हाताला कंप सुटलेला खलाशी. चौथ्या अंकाचा मध्य हा. सुपरहिरोच्या शेवटच्या अंकात एकही ठोसा नाही याची भीती वाटत असेल तर फ्रँक मिलरचा डेअरडेव्हिलवरचा निरोपाचा अंक आठवा, 1983 च्या फेब्रुवारीचा, 191 वा. नायकाची जुनी प्रेयसी एलेक्ट्रा हिचं मोठं नाट्य त्याने त्याआधीच संपवलेलं. या अंकात इस्पितळाची खोली आहे, हलताही न येणारा शत्रू बुल्सआय आहे आणि त्याच्या उशाशी पिस्तूल घेऊन बसलेला नायक. आळीपाळीने एकदा त्याच्यावर, एकदा स्वतःवर घोडा ओढायचा, आणि शेवटी कळतं की पिस्तूल रिकामंच होतं. एवढाच अंक. मारामाऱ्यांचे कितीतरी अंक लोक विसरले, हा विसरले नाहीत.

सुनावणीत कंपनी पूर्ण संपवू नका. तिची ही एक योजना पडू द्या. कंपनी उरली तर पुढच्याला शत्रू उरतो.

मुखवटेवाला. तो कंपनीचा गुंड निघाला तर कोणालाच धक्का बसणार नाही. वाचक दुसऱ्या अंकापासून तेच धरून बसलाय. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, की जळाला तो ट्रॉलर नायक ज्याच्याकडे कामाला आहे त्या नाखव्याचा. मग नाखव्यानेच तो जाळला असेल तर? डिझेलची उधारी, बंदीचे दोन महिने, बँकेचा हप्ता, आणि बोटीचा विमा. कंपनीने त्याला जाळायला सांगितलं नाही, फक्त त्याची थकबाकी विकत घेतली. इथे दोन सूत्रांची एक गाठ होते आणि घाव घराजवळ बसतो. पण लिहिण्याआधी जुने अंक उघडून बसा आणि नाखवा जिथे जिथे दिसतो त्या चौकटी बघा. आगीच्या रात्री तो कुठे होता? एखाद्या चौकटीत तो उगाच पाठमोरा उभा असेल, चित्रकाराने जागा भरायला काढलेला. ती चौकट तुमचा पुरावा. पुन्हा जशीच्या तशी छापा. वाचक घरी जाऊन जुना अंक काढून पडताळतो तेव्हा त्याला जो आनंद होतो, तो नव्याने रचलेल्या खुलाशात मिळत नाही. अशी चौकट सापडलीच नाही तर हा मार्ग सोडा आणि कंपनीचा गुंडच ठेवा. पुराव्याविना दिलेल्या धक्क्यापेक्षा अपेक्षित उत्तर बरं.

एक सावधगिरी. गाठी जोडण्याची अशी एक युक्ती जमली की हात शिवशिवतात. मग दीपस्तंभाचा दिवाही बापच लुकलुकवत होता, गोव्याची बाई त्याचीच दुसरी मुलगी, आणि शक्तीही त्याच्याकडूनच आलेली, असं सुचायला लागतं. नको. प्रत्येक कोड्याचं उत्तर एकाच घरात सापडलं तर तुमचं एवढं मोठं बंदर चार भिंतींचं होतं.

बापाचं काय? त्याला जिवंत आणू नका आणि त्याचं प्रेतही दाखवू नका. फयान 11 नोव्हेंबर 2009 चं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत धरू शकतो, आणि तसा कागद झाल्याशिवाय घरच्यांची कितीतरी कामं अडून राहतात. ही मुदत तुमच्या कथेत केव्हाच उलटून गेलेली आहे. म्हणजे घरात एक अर्ज पडून आहे आणि मुलगा त्यावर सही करत नाही. आईचा अबोला याचाच. हे तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिलेल्याशी ते कुठे भांडतही नाही, मी पडताळलं. ‘बाप परत येईल का’ हा प्रश्न तुम्ही सोडवू शकत नाही. ‘हे घर त्याची वाट पाहणं कधी थांबवणार’ हा सोडवू शकता, आणि त्याला एक पान पुरतं.

ते पान मी असं लिहीन. चौथा अंक, पान 19, पाच चौकटी. पहिली आडवी, पूर्ण रुंदीची: संध्याकाळ, मागची पडवी, आई आडाळ्यावर (विळीवर) बांगडे कापतेय, तिची पाठ आपल्याकडे. पावसाची रेघ. फुगा नाही. दुसरी: दार उघडून नायक आत येतो, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. दाराचा आवाज मोठ्या अक्षरांत, ‘कर्रर्र’. तिसरी, जवळून: कागद पाटावर, त्यावर सही, पेनाचं टोपण अजून त्याच्या दातांत. चौथी: आईचा चेहरा, पहिल्यांदा समोरून. ती कागदाकडे पाहत नाही, दाराकडे पाहते. पाचवी: ती परत बांगड्यांकडे वळलेली, आणि बऱ्याच अंकांनंतरचा तिचा पहिला फुगा: ‘दाराक तेल घाल. कुरकुरता.’

हे समजायला वाचकाला एक गोष्ट आधी माहीत हवी: बाप रात्री उशिरा यायचा आणि दाराच्या कुरकुरण्यावरून तिला कळायचं, म्हणून तिने कधी कोणाला त्या बिजागरीला तेल घालू दिलं नाही. ते सांगायचं या चारांतल्या पहिल्या अंकात, बहिणीच्या तोंडून, भलत्याच विषयावर बोलताना, एका फुग्यात. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकात ते दार उघडेल तेव्हा ‘कर्रर्र’ तसंच, त्याच वळणाच्या अक्षरांत. अक्षरं करणाऱ्याला हे फोनवर सांगू नका, लिहून द्या, नाहीतर तिसऱ्या अंकात ‘कर्रर्र’चं ‘धाड’ झालेलं दिसेल. चार अंकांत पेरणी आणि कापणी दोन्ही करायची तर पेरायला पहिलाच अंक मिळतो. त्यानंतर नवं काही पेरू नका.

मैत्रिणीला दोन चौकटी. तिचा फोन येतो, तो उचलतो, मागे जेट्टीवरचा गलबला. काय बोलले ते दाखवू नका. ती परत येणार नाही एवढं त्याच्या चेहऱ्यावर चित्रकार आणेल. कोणी तक्रार करणार नाही.

बहिणीला गुपित माहीत आहे, हे मुळात अर्धवट सूत्र नाहीच. ती परिस्थिती आहे, आणि चांगली आहे. आहे तशी राहू द्या.

उरले दिवा आणि गोव्याची बाई. या दोन तुमच्या भेटी, येणाऱ्यासाठी. बाईला चार अंकांत हातच लावू नका. दिव्याला मात्र एकदा स्पर्श करा. प्रत्येक दीपस्तंभाचा लुकलुकण्याचा ठेका ठरलेला असतो आणि त्यावरूनच तांडेल रात्री ओळखतो की आपण कुठे आहोत. चुकीचा ठेका म्हणजे होडी खडकावर. चौथ्या अंकात एका तांडेलाला एवढंच म्हणू द्या की हा ठेका त्याने आधी पाहिलाय, पण देवगडला नाही. यापुढे एक शब्द नको.

येणारा लेखक काय उचलतो आणि काय झाडून टाकतो, याचं चांगलं उदाहरण ॲलन मूरचं. 1984 च्या जानेवारीत त्याने स्वॉम्प थिंग हाती घेतली तेव्हा आधीचा लेखक मार्टिन पास्को याची सूत्रं अधांतरी होती. मूरने आपला पहिला, म्हणजे विसावा अंक ती निस्तरण्यात घालवला. त्या अंकाचं नावच ‘लूज एंड्स’. शेवटी नायकाला गोळ्या घालून मारलं, आणि पुढच्याच अंकात शवविच्छेदनातून दाखवलं की तो मुळात माणूस नव्हताच. वनस्पती होती ती, स्वतःला माणूस समजणारी. नवा लेखक जरा ताकदीचा असला तर नको असलेलं एका अंकात झाडून टाकतो. त्याला तुम्ही अडवू शकत नाही, अडवूही नये. तुम्ही एवढंच करू शकता की जे ठेवाल ते उचलावंसं वाटेल असं ठेवा. ब्रायन मायकेल बेंडिसने 2006 मध्ये डेअरडेव्हिल सोडली तेव्हा नायक तुरुंगात होता. एड ब्रुबेकरने 82 वा अंक तुरुंगातच सुरू केला आणि ती कथा गाजली. 2009 मध्ये ब्रुबेकर गेला तो नायकाला हँड या मारेकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या करून. तेव्हा अँडी डिगलच्या हाती जे आलं ते अडचणीचं होतं, पण रिकामं नव्हतं. असं कोंडीत पकडून ठेवायचं असेल तर मात्र येणाऱ्याशी बोलूनच.

तुमच्या मनात पुढच्या दोन वर्षांच्या गोष्टी तयार आहेत, आणि त्या न सांगता जाणं जिवावर येतंय, असंही लिहिलंय. पीटर डेव्हिडपुढे हाच पेच होता. अकरा वर्षं हल्क लिहून 1998 मध्ये तो निघाला तेव्हा 467 व्या अंकात त्याने काळ दहा वर्षं पुढे नेला, आणि नायकाचा जुना मित्र रिक जोन्स एका पत्रकाराला मधल्या काळात काय काय घडलं ते सांगतो. न लिहिलेल्या कथा चौकटी-चौकटीत येऊन जातात. अंक हृदयाला भिडतो, पण हे दुधारी शस्त्र आहे. पुढच्या लेखकाला हे भविष्य मान्य नसतं, आणि मान्य असलं तर त्याचे हात बांधले जातात. डेव्हिडला अकरा वर्षांचा हक्क होता. तुम्हाला मी एक पान देईन, त्याहून जास्त नाही, आणि तेही कोणाच्या तरी बढाईत. बहीण लहान मुलांना गोष्ट सांगतेय, खरी की खोटी कोण जाणे.

नव्या लेखकाला काय द्यायचं? दशावतारी कंपनीत लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी जाणता माणूस आख्यान सांगतो, कोण कधी येणार, कोण कोणाला मारणार, आणि संवाद ज्याने त्याने रंगमंचावर उभे करायचे. तसंच दोन पानांचं टिपण करा. कोणाला काय माहीत आहे, कोणाला माहीत नाही, बळाचे नियम (उधाण म्हणजे नक्की कुठल्या तिथी, बळ किती वेळ टिकतं), आणि दिव्याचं तुमच्या मनातलं उत्तर, वेगळ्या पाकिटात, ‘वाटलं तर उघडा’ असं लिहून. पात्रं कशी बोलतात यासाठी उपदेश लिहू नका, जुन्या अंकांतली प्रत्येकाची दोन चांगली पानं जोडा. मालवणीत कोण बोलतो आणि कोण साहेबी मराठीत, हे मात्र स्पष्ट लिहा. बाहेरचा लेखक आला तर पहिली गडबड तिथेच होते. शक्तीचं मूळ टिपणात घालू नका. त्याला त्याचं शोधू द्या.

कागदपत्रांचंही पाहा, अजून पाहिलं नसेल तर. नोकरीत राहून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल तर हक्क मालकाकडे जातात. बाहेरून लिहिलं असेल तर हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. हे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. तोंडी ‘सगळं तुमचंच’ म्हणून निघू नका. नाखवा, आई, बहीण ही पात्रं तुम्ही निर्माण केलीत. उद्या कोणी त्यावर वेबमालिका काढली तर तुमचं नाव आणि वाटा असेल की नाही, हे चौथ्या अंकाची संहिता द्यायच्या आधी ठरवा. दिल्यानंतर तुमचा फोन कोणी लगेच उचलत नाही.

शेवटच्या पानावर निरोपाचं पत्र छापावं का, असंही विचारलंय. छापा, अर्धं पान. चित्रकार, रंग भरणारा आणि अक्षरं करणारा यांची नावं त्यात असू द्या. गणपतीला आलेले चाकरमानी कणकवलीच्या स्टँडवर अंक उचलतात, त्यांनी मधले पाच अंक वाचलेले नसतात. त्यांच्यासाठी चौथ्या अंकाच्या सुरुवातीचा सारांश तुम्ही स्वतः लिहा, संपादकावर सोडू नका. आणि पत्रात दिव्याचा उल्लेख चुकूनही करू नका.